स्वच्छ हवेत फॉग लाईट कशाला? नव्या गाडीवाल्यांसाठी लायटींची उजळणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी मला गेटवर थांबवलं आणि म्हणाले, साहेब, तुमच्या गाडीची उजवीकडची ब्रेक लाईट अडकलीये, सारखी पेटलेलीच असते. मी दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने मला ब्रेक दाबायला लावला, मागे जाऊन बघितलं, परत आला, खिडकीतून हात आत घातला आणि माझ्या गुडघ्याजवळचं एक बटण दाबलं. झालं काम. ब्रेक लाईट बिइट काही अडकली नव्हती, ती मागची फॉग लाईट, म्हणजे धुक्यात लावायची लाल लाईट होती आणि माळशेजहून आल्यापासून चालूच होती, कारण माझ्या जुन्या गाडीत ते बटण एकदा आत गेलं की गाडी बंद करून परत चालू केली तरी आतच राहतं. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे मी रोज संध्याकाळी ऐरोली ते कासारवडवली माझ्या मागच्या माणसाच्या डोळ्यात लाल बॅटरी मारत येत होतो. त्या दिवसांत मागून बऱ्याच जणांनी अपर मारला होता (मोठी लाईट चमकवली होती) हे मला आठवतंय, आणि मी मनात म्हणायचो काय उद्धट लोक आहेत राव. पैसे घेतले नाहीत मेकॅनिकने, हसला फक्त.

तर हे सगळं नवीन गाडी घेतलेल्यांसाठी, नुकतं लायसन्स मिळालेल्यांसाठी लिहितोय. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, रिव्हर्स, चढावर हाफ क्लच सगळं शिकवतात, लायटींचं मात्र "ही दांडी फिरवली की लाईट लागते" एवढ्यावर भागवतात. मलाही तेवढंच शिकवलं होतं.

पहिलं काम: रात्री पार्किंगमध्ये बसा आणि सगळं लावून बघा

रात्री दहानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसा, गाडी हलवायची नाही. समोर भिंत असेल तर उत्तम. सोबत घरातलं कोणीतरी घ्या, त्याला बाहेर उभं करा आणि एकेक लाईट लावत विचारा, आता काय पेटलं? ऐकायला बालिश वाटतं पण दहा मिनिटांत जे कळतं ते मॅन्युअल वाचून कळत नाही (आणि मॅन्युअल तसंही डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्येच असतं सगळ्यांचं).

मीटरवरची चिन्हं नीट बघून ठेवा, रंगावरून पटकन ओळखता येतात. निळं चिन्ह, त्यात सरळ आडव्या रेघा, तो हाय बीम, आपल्याकडचा अपर. हिरवं चिन्ह, रेघा खाली तिरक्या, तो लो बीम म्हणजे डिपर. हिरवंच पण तिरक्या रेघांना एक नागमोडी उभी रेघ कापतेय, ती पुढची फॉग लाईट. आणि पिवळसर नारिंगी चिन्ह, रेघा आडव्या, त्यांना नागमोडी रेघ कापतेय आणि दिव्याचं तोंड उलट्या बाजूला, ती मागची फॉग लाईट. मला हे पिवळं चिन्ह दोन आठवडे मीटरवर दिसत होतं आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं, असेल काहीतरी म्हणून. तुम्ही असं करू नका. शहरात गाडी चालवताना मीटरवर लाईटचं हे निळं किंवा पिवळं चिन्ह दिसलं की समजायचं कोणाला तरी आपला त्रास होतोय, आधी ते बंद करायचं आणि मग पुढचं.

अजून एक गोंधळ असतो. बऱ्याच नव्या गाड्यांना बंपरवर खाली डीआरएल असतात, दिवसा पेटणाऱ्या, बघणाऱ्याला त्या फॉगसारख्याच वाटतात. त्या वेगळ्या, त्यांचं आपल्याला काही करायचं नसतं. आणि काही गाड्यांमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा इंडिकेटर दिला की त्या बाजूची एकच फॉग लाईट पेटते, वळणाचा कोपरा दिसावा म्हणून. ती आपोआप बंद होते. तेव्हा समोरच्या गाडीची एकच फॉग पेटलेली दिसली की लगेच शिव्या घालायची गरज नाही.

आता ही फॉग लाईट नेमकं करते काय

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हाय बीम लावला की प्रकाश त्या थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो आणि समोर पांढरी चादर धरल्यासारखं होतं. माळशेजला एकदा मुद्दाम करून बघा, गाडी बाजूला घेऊन, चालवताना नाही. लगेच पटेल. म्हणून पुढची फॉग लाईट बंपरमध्ये अगदी खाली बसवलेली असते आणि तिचा प्रकाश रुंद, चपटा, वरून चाकूने कापल्यासारखा असतो. आपल्या डोळ्यांच्या पातळीवरच्या धुक्यात न जाता तो खालून रस्त्यावर पसरतो, बाजूची पांढरी पट्टी, कठडा, खड्डा एवढं दाखवतो. लांबचं दाखवणं हे तिचं कामच नाही.

आता हीच लाईट स्वच्छ रात्री घोडबंदर रोडवर लावली तर? लोकांना वाटतं की जास्त लाईट म्हणजे जास्त दिसणार. होतं उलटं. बोनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर एकदम लख्ख होतात, बघायला बरं वाटतं, पण डोळ्याची बाहुली त्या उजेडाला धरून आकसते आणि लांबचं, म्हणजे जिथे बॅरिकेडला वळसा आहे किंवा कोणीतरी डिव्हायडरवरून उडी मारून रस्ता क्रॉस करतोय, ते आणखी अंधारात जातं. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे तुम्ही जे छान उजळून ठेवलंय ते एका सेकंदात गाडीखाली गेलेलं असतं, त्याचा उपयोग काय.

आणि पावसात तर अजून गंमत. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. फॉग लाईट खाली रस्त्याकडे तोंड करून असल्यामुळे तिचा प्रकाश त्या ओल्या रस्त्यावरून घसरून थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो, आणि आपल्याकडे काहीच परत येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं रस्ता काळा दिसतोय, अजून लाईट पाहिजे. मग सगळेच लावतात. जुलैमध्ये कापूरबावडीच्या आसपास रात्री नऊ वाजता बघा, प्रत्येक दुसऱ्या गाडीची फॉग चालू असते आणि कोणालाच लेनची पट्टी दिसत नसते.

मग लावायची कधी?

सोपी परीक्षा आहे. समोरचं साधारण १०० मीटर दिसतंय का? मोठ्या रस्त्यावर लाईटचे खांब अंदाजे तीसेक मीटरवर असतात, तर तीन खांब मोजा. तिसरा खांब नीट दिसतोय तर फॉग लाईटला हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये हाच १०० मीटरचा हिशोब सांगतात, आणि जर्मनीत तर मागची फॉग लाईट ५० मीटरच्या आत दिसत असेल तरच लावता येते आणि तेव्हा स्पीड पण पन्नासच्या वर न्यायचा नाही. युरोपात धुकं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांची ही शिस्त. आपल्याकडे ठाण्यात धुकं असतं किती? थंडीत पहाटे खाडीच्या बाजूला थोडं, ऐरोली पुलावर किंवा वाशीच्या खाडीपुलावर कधीतरी, आणि ते पण बऱ्याचदा धूळ आणि धूर मिसळलेलं, ज्यात अर्धा किलोमीटर तरी दिसतंच. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर फॉग लाईट लावून फिरणाऱ्यांना मला खरंच विचारायचंय की बाबा रे तुला नक्की कुठलं धुकं दिसतंय.

घाटात मात्र बिनधास्त लावा. आपल्याकडून मुरबाडवरून माळशेज, नाशिककडे जाताना कसारा, पुण्याकडे खंडाळा, इथे जुलै-ऑगस्टमध्ये ढगच रस्त्यावर उतरतो आणि वीस मीटरवरचा ट्रक दिसत नाही. तिथे क्रम असा ठेवा. आधी स्पीड कमी करा, लाईटला हात त्यानंतर. लो बीम चालू, हाय बीम अजिबात नाही. मग पुढची फॉग. काचेला आतून वाफ धरली असेल तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, कारण निम्म्या वेळा "धुकं" आपल्याच काचेवर असतं. डावीकडची पांढरी पट्टी पकडून चालवा, पुढच्या गाडीची टेल लाईट पकडून नाही, कारण तो भलतीकडे गेला तर तुम्ही पण त्याच्या मागे. आणि मागची फॉग लाईट शेवटी, जेव्हा खरोखरच मागच्याला आपण दिसणार नाही असं वाटेल तेव्हाच.

ढग संपला, वळण घेऊन मोकळ्यात आलात, की लगेच बंद. मी इथेच चुकलो होतो. माळशेजच्या खाली उतरलो, भजी खायला थांबलो, बायको म्हणाली गाणी लाव, आणि बटण राहिलं ते राहिलं.

मागच्या फॉग लाईटचं थोडं जास्त सांगतो, कारण हीच लोकांना माहीत नसते

साध्या बल्बच्या गाडीत टेल लाईट ५ वॅटची असते आणि ब्रेक लाईट २१ वॅटची. मागच्या फॉगला पण २१ वॅटचाच बल्ब. आंतरराष्ट्रीय नियमात टेल लाईटची तीव्रता साधारण ४ ते १२ कँडेला असते आणि मागच्या फॉगची किमान १५०, कमाल ३००. वाचलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे मागच्या माणसाला तुम्ही अखंड ब्रेक मारल्यासारखे दिसता. त्याचे डोळे दिपतात हे एक, पण खरा धोका दुसराच आहे, तुम्ही खरोखर ब्रेक मारला की त्याला फरकच कळत नाही. लाल होतं, लालच आहे. तीन हात नाक्याच्या सिग्नलला रांगेत बंपर टू बंपर उभं असताना तर त्याच्या तोंडावरच ती लाईट, आणि टू-व्हीलरवाला असेल तर त्याला मध्ये काच पण नाही.

बऱ्याच गाड्यांना मागे एकच फॉग असते, आपल्याकडे ती उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणून ती ब्रेक लाईट अडकल्यासारखी दिसते. वॉचमनकाकांचं काही चुकलं नव्हतं.

घाटात पण ती लावल्यावर आरशात लक्ष ठेवा. मागे एखादी गाडी येऊन तिच्या हेडलाईट तुम्हाला दिसायला लागल्या, म्हणजे त्याला पण तुम्ही दिसताय, आता बंद करा. तो मागे पडला की हवी तर परत लावा. एवढं बटण दाबायचा कंटाळा येतो हे मान्य, पण तो माणूस पुढचे पंधरा मिनिटं तुमच्या मागेच असणार आहे.

पावसावरून आठवलं, हजार्ड लाईट. जोराचा पाऊस आला की ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अर्ध्या गाड्या चारही इंडिकेटर लावून चालतात, कोणी शिकवलं देव जाणे. मग तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळणार कसं? बहुतेक गाड्यांमध्ये हजार्ड चालू असला की इंडिकेटर वेगळा दिसतच नाही. हजार्ड गाडी बंद पडली, बाजूला उभी केली, तेव्हासाठी. पावसात लो बीम पुरतो, टेल लाईट त्याच्याबरोबर आपोआप लागते.

अपर-डिपरचे रीतिरिवाज

शहरात लो बीम. विषय संपला खरं तर, पण संपत नाही म्हणून लिहितोय. रस्त्यावर लाईटचे खांब आहेत, म्हणजे लो बीम. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत, ठाणे-बेलापूर रोड, पाम बीच, सायन-पनवेल, सगळीकडे खांब आहेत. खांब बंद असतील, समोर कोणी नसेल, पुढेही कोणी नसेल, तर हाय बीम लावा, आणि समोर लांबवर लाईट दिसली की त्याने डिपर द्यायची वाट न बघता आपण आधी खाली या. तो आला की मी करतो, मी केलं की तो करेल, या नादात दोघंही शेवटपर्यंत अपरवर आणि दोघंही आंधळे.

पुढे चाललेल्याच्या मागे पण लो बीम. हे लोक विसरतात. आपल्याला वाटतं समोरून कोणी येत नाहीये ना, पण पुढच्याच्या तिन्ही आरशातून आपला प्रकाश त्याच्या डोळ्यात जातो.

चढावर खास काळजी. फ्लायओव्हरच्या टोकाला, किंवा गायमुख घाटात चढताना, गाडीचं नाक वर असतं आणि मग लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्याला इलाज नाही, क्षणभराचं असतं, पण तिथे हाय बीम किंवा फॉग असेल तर समोरून उतरणारा बाईकवाला अक्षरशः काही सेकंद आंधळा होतो, आणि घाटात काही सेकंदात वळण येतं. मुंब्रा बायपासला ट्रकच्या रांगेत हे रोज दिसतं. ट्रकवाल्यांना नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण माझा अनुभव असा की जुने ट्रक ड्रायव्हर डिपर देण्यात आपल्यापेक्षा बरेच, आणि सगळ्यात बेशिस्त म्हणजे उंच एसयूव्हीत बसलेले आपल्यासारखेच लोक, ज्यांची हेडलाईटच साध्या हॅचबॅकच्या आरशाच्या उंचीला येते.

अपर मारणं म्हणजे नक्की काय हे पण एकदा समजून घ्या, कारण नवीन माणसाची इथे फसगत होते. काही जण "तू जा" म्हणून अपर मारतात, बहुतेक जण "मी येतोय, थांब" म्हणून. तेव्हा नाक्यावर कोणी अपर मारला की ती परवानगी समजून पुढे घुसू नका. त्याची गाडी खरंच थांबतेय का बघा, मग जा.

डॅशबोर्डवरचं ०-१-२-३ चं चाक

स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली बऱ्याच गाड्यांत एक छोटं चाक असतं, ०, १, २, ३ आकडे असलेलं. माझ्या ओळखीतल्या दहातल्या आठ जणांना ते कशाचं हे माहीत नाही, एकाला वाटत होतं मीटरचा ब्राइटनेस आहे. ते हेडलाईटची उंची खाली-वर करायचं चाक. मागे तीन माणसं आणि डिकीत गावाकडून आणलेला तांदूळ असेल तर गाडी मागून बसते, पुढून नाक वर होतं आणि लो बीम वर चढतो. मग चाक १ वर, २ वर, डिकी गच्च भरली असेल तर ३ वर. एकटे किंवा पुढे दोघंच असाल तर ०. उलटा गैरसमज पण ऐकलाय, ३ म्हणजे जास्त पॉवर. अजिबात नाही, ३ म्हणजे सगळ्यात खाली. स्कूटीला हे चाक नसतं, आणि मागे बायको, पुढे मुलगा, हुकाला पिशव्या अशी गाडी चालली की हेडलाईट थेट झाडावर. दुचाकीला १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट कायम चालूच येते, बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे ती सरळ रस्त्याकडे बघतेय ना हे गॅरेजवाल्याकडून स्क्रू फिरवून करून घ्या.

भिंतीवरची टेस्ट

ही रविवारी सकाळी नाही, रात्री करायची. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर, चाक ० वर, ड्रायव्हर सीटवर एक माणूस बसवलेला. गाडी भिंतीला अगदी चिकटून उभी करा, हेडलाईटचा मध्य भिंतीवर जिथे येतो तिथे रंगाऱ्याची कागदी टेप लावा. मग गाडी सरळ ५ मीटर मागे घ्या आणि लो बीम लावा. बहुतेक गाड्यांना प्रकाश १ टक्का खाली झुकलेला हवा असतो, म्हणजे ५ मीटरवर टेपच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली उजेडाची कड दिसली पाहिजे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बॉनेटखाली किंवा हेडलाईटजवळच्या स्टिकरवर बघून घ्या. उजवीकडे ती कड सपाट आणि डावीकडे थोडी वर चढलेली दिसेल, हे मुद्दाम असतं, आपण डावीकडून चालतो, तर डावीकडचा फुटपाथ दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. मग फॉग लावा. तिची कड पूर्ण सपाट, आणि स्वतःच्या उंचीपेक्षा अजून खाली झुकलेली असायला हवी. कडच दिसत नसेल, नुसता उजेडाचा गोळा भिंतभर पसरला असेल, तर काहीतरी गडबड आहे.

आणि ती गडबड बहुतेक वेळा बाजारातून आणलेल्या बल्बची असते

ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न, साहेब लाईट कमी वाटत नाही का? कमी वाटतेच, साध्या हॅलोजनला ६०/५५ वॅट एवढंच असतं. मग तो एलईडी दाखवतो, दुकानाच्या शटरवर मारून दाखवतो, पांढराशुभ्र, डोळे दिपतात, आपण खूश. मी पण घेतले होते एकदा, दोन हजार आठशे. भिंतीवर बघितलं तेव्हा कड गायब. कारण हेडलाईटच्या आतला आरसा हॅलोजनच्या त्या एवढ्याशा तारेच्या जागेवरून बेतलेला असतो, तार जिथे असते तिथून प्रकाश आला तरच तो नीट कापून रस्त्यावर पडतो. एलईडीची चिप तिथे तशी बसत नाही, मग प्रकाश वर, बाजूला, झाडावर, समोरच्याच्या तोंडावर. १००/९० वॅटचे बल्ब पण मिळतात, त्यांनी होल्डर आणि वायरिंग वितळतं ते वेगळंच. आठवड्यात काढून टाकले, पैसे गेले. त्यापेक्षा हेडलाईटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, दोनशे-चारशे रुपयांत जो फरक पडतो तो त्या एलईडीने पडला नव्हता.

पिवळे फॉग बरे की पांढरे हा वाद गाडीवाल्यांत कायम चालतो. पिवळा डोळ्याला मऊ वाटतो हे खरं, फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाईटच पिवळ्या असायच्या. पण चुकीच्या कोनात बसवलेली पिवळी लाईट पण डोळ्यातच जाते. रंगाच्या आधी कोन.

बंपरवर किंवा टपावर लाइटबार, स्पॉटलाईट लावायचा विचार असेल तर सोडून द्या. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्स १९८९ मध्ये पुढे स्पॉटलाईट लावायला आरटीओच्या परवानगीशिवाय मनाई आहे, आणि १०६ नंबरचा नियम सांगतो की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तुमच्या दिव्याने दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाचे डोळे, साधारण. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांचा फटका बसू शकतो, तुरुंगवासाची पण तरतूद आहे. नंबर एमएच ०४ असो की एमएच ४३, नियम तोच.

समोरच्याने डोळे दिपवले तर

त्याच्या लाईटकडे बघू नका. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर किंवा फुटपाथच्या कडेवर न्या, पाय ॲक्सिलेटरवरून काढा, गाडी सरळ ठेवा. एकदाच अपर-डिपर करून खूण द्या, त्याने ऐकलं तर ठीक. बदला म्हणून आपण पण अपर मारून ठेवायचा नाही, मी हे रागाने बऱ्याचदा केलंय आणि प्रत्येक वेळी पुढचे तीन सेकंद मला स्वतःलाच काही दिसलेलं नाहीये. मागून कोणी त्रास देत असेल तर आतल्या आरशाच्या खाली एक छोटा खटका असतो, तो ओढा, आरसा तिरका होतो आणि प्रकाश मंद होतो. आणि काच आतून पुसा. बाहेरून सगळे पुसतात, आतल्या बाजूला एसी आणि प्लास्टिकचा जो तेलकट थर बसतो त्याच्यावर समोरची प्रत्येक लाईट फुलासारखी फुटते. ओलसर वर्तमानपत्र, मग कोरडं वर्तमानपत्र, पंधरा दिवसांतून एकदा. वय झालेल्यांना दिपल्यावर परत दिसायला जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर अजूनच. आमचे बाबा आता रात्री गाडी घेतच नाहीत, म्हणतात रस्ता माहितीये मला, पण समोरच्यांच्या लायटी नाही माहीत.

आणि दुसऱ्याची मागची फॉग चालू राहिलेली दिसली तर मागून अपर मारून काही होत नाही, माझ्यावरून सांगतो, त्याला कळणारच नाही तुम्ही का मारताय. सिग्नलला शेजारी गाडी लागली तर काच खाली करा आणि सरळ सांगा, "दादा, मागची फॉग लाईट चालू आहे, पिवळं चिन्ह बघा." परवा मानपाड्याच्या सिग्नलला एका मुलाला सांगितलं, नवीन गाडी, हार अजून बोनेटवर. तो म्हणाला, कुठलं बटण? मी म्हटलं गुडघ्याजवळ बघ. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि पुढच्या फ्लायओव्हरवर चढताना आरशात बघितलं तर तो डावीकडे गाडी घेऊन अजून शोधतच होता, या वेळी हजार्ड लावून, जे बरोबर होतं.